गायनमास्तरांचा गुरू कोण?

मुलामुलींस गाणे शिकवावे की नाही, हा वाद आपल्या सुशिक्षित घरांतून केव्हाच मिटला. आजेसासूबाईंची नापसंती, मामंजींचा अबोला, शेजारची कुजबूज या साऱ्या पायऱ्या चढून पेटी आणि तंबोरा माजघरात येऊन बसले, त्यासही आता पुष्कळ वर्षे लोटली. हल्ली गायनमास्तर ठेवावयाचे झाले म्हणजे वडील मंडळी दोनच प्रश्न विचारतात: परीक्षा कोणती झाली, आणि महिन्याचे काय घेणार? दोहोंची उत्तरे बरी मिळाली की शिकवणी सुरू होते. तिसरा एक प्रश्न आहे; तो मात्र आम्ही अद्याप कोणाच्या तोंडून ऐकिलेला नाही. मास्तर, तुम्हांस गाणे कोणी शिकविले ते समजले. पण गाणे शिकविण्याचे कोणी शिकविले? आणि आज शिकविताना तुमचे चुकते, ते तुम्हांस कोण सांगते?

प्रश्न थोडा उद्धटपणाचा वाटेल, हे खरे. परंतु तो पुण्यामुंबईपेक्षा आमच्या मारेगावासारख्या ठिकाणी फार महत्त्वाचा आहे. मारेगाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या जमिनीचा, कापसाचा मुलूख. जवळच वणी, तिकडे कोळशाच्या खाणी. आणि तालुक्यात ठिकठिकाणी कोलाम लोकांच्या लहानलहान वस्त्या, ज्यांस पोड म्हणतात. येथील शाळांतून रोज सकाळी प्रार्थना होते, राष्ट्रगीत होते, आणि २०२३ पासून राज्यगीतही होते. म्हणजे दररोज दहापंधरा मिनिटे शेकडो मुले एकत्र गातात, आणि कोणीतरी त्यांस गाववितो. हा 'कोणीतरी' बहुधा गणिताचा किंवा भूगोलाचा शिक्षक असतो. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने कलाशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक सांगितला आहे खरा. पण तो सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तोही पटावर १०० हून अधिक मुले असतील तेथेच. लहान गावांतील पट तितका भरत नाही. तेव्हा ज्याचा गळा बरा त्याच्या गळ्यात हे काम पडते, आणि एकदा पडले की निवृत्तीपर्यंत तेथेच राहते.

याचा परिणाम कानांनी पाहावा. राष्ट्रगीत पूर्ण म्हणावयास सुमारे ५२ सेकंद लागतात, आणि त्याच्या चालीचा विस्तार सुमारे एक सप्तकाचा आहे. आरंभ करणाऱ्याने षड्ज आपल्या सोयीचा धरला, मुलांच्या सोयीचा नव्हे, की शेवटच्या जयघोषापाशी अर्धी मुले ओरडू लागतात आणि अर्धी गप्प बसतात. ओरडणाऱ्यांस शाबासकी मिळते. गप्प बसणारांस 'आवाज कोठे गेला?' म्हणून दटावणी मिळते. ही गोष्ट वर्षानुवर्षे रोज घडते. बारातेरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागतो, तेव्हा त्यास खालच्या पट्टीत, हलक्या आवाजात, थोडेच गावयास द्यावे. पण हे त्या भूगोलाच्या शिक्षकास सांगणार कोण? तो मुलगा 'घोगरा' ठरतो आणि जन्मभर, 'आम्हांस गाणे येत नाही हो,' असे म्हणत राहतो. आपल्या घरांतील किती पुरुष हे वाक्य म्हणतात, याचा हिशेब वाचकांनी आपल्याच बैठकीच्या खोलीत करून पाहावा.

समुदायाने गाणे ही निराळी विद्या आहे, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. तेराव्या शतकात देवगिरीस यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गायकवृंदाचा स्वतंत्र विचार आहे. उत्तम वृंदात मुख्य गायक चार, त्यांस साथ करणारे आठ, गायिका बारा, बासरीवादक चार आणि मृदंग वाजविणारे चार असावेत, असे तो सांगतो. संख्येपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे वृंदाचे गुण. मुख्याच्या मागून जाणे, स्वर एकमेकांत मिळणे, तालात लीन होणे, तिन्ही स्थानांत संचार असणे, आवाज एकाच जातीचे वाटणे हे तर त्यात आहेतच. पण एकाचे तुटले तर दुसऱ्याने ते सांभाळून नेणे, हाही गुणच म्हणून गणिला आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या या बारकाव्याचे आम्हांस नेहमी आश्चर्य वाटते. शिवाय त्याच ग्रंथात गायकांचे प्रकार सांगताना 'शिक्षाकार' हा प्रकार वेगळा काढला आहे. काहीही हातचे न राखता पूर्ण शिकविण्यास जो समर्थ, तो शिक्षाकार. ऐकून नक्कल करणारा तो अनुकार. त्याची गणना वेगळी.

कालिदासाने तर हाच विषय रंगभूमीवर आणिला. 'मालविकाग्निमित्रा'च्या पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा तंटा लागतो. (तंटा लावण्यामागे राजाचा हेतू मालविकेचे दर्शन घडावे एवढाच होता, ते असो.) तेथे परिव्राजिका कौशिकी म्हणते की, कोणाची विद्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, कोणाचे कौशल्य ती दुसऱ्यात संक्रांत करण्यात असते, ज्याच्यापाशी दोन्ही, त्यासच शिक्षकांच्या अग्रभागी बसवावे. आणि वाद टाळावा अशी गळ राणी घालते, तेव्हा गणदास उत्तर देतो त्याचा आशय असा: जागा मिळाली म्हणून जो परीक्षेस भितो, ज्याची विद्या केवळ पोटापुरती, तो ज्ञानाचा वाणी होय. नोकरी कायम झाल्यावर आपले शिकणे संपले, असे मानणाऱ्या आम्हां मास्तर मंडळींवर हा कोरडा आहे. तो कालिदासाने एका मास्तराच्याच तोंडून ओढविला, ही त्यातली गंमत.

आधुनिक काळात या प्रश्नास हात घातला तो विष्णु दिगंबर पलुसकरांनी. कुरुंदवाडास १८७२ मध्ये त्यांचा जन्म. दत्तजयंतीच्या दारूकामात लहानपणीच दृष्टी अधू झाली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्यांचे शिक्षण झाले. त्या काळचे गुरुगृही शिकणे म्हणजे कानावर पडेल ते वेचून घेणे. गुरूची मर्जी, शिष्याची चिकाटी, आणि उरलेले दैव. त्या रीतीने मोठे गवई झाले यात शंका नाही. परंतु त्या रीतीने शिक्षक होत नसे, आणि झालाच तर अपघाताने. पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढिले, तेव्हा सामान्य विद्यार्थ्यांच्या वर्गांबरोबर एक 'उपदेशक वर्ग'ही ठेविला. यातील मुलांनी काही वर्षांचा करार करून विद्यालयातच राहावयाचे. त्यांचे अन्नवस्त्र आणि शिक्षण विद्यालयाकडे. मोबदला एकच, की पुढे संगीत शिकवावयाचे. ही मुले स्वतः शिकत असतानाच खालच्या वर्गांस शिकवीत. आणि ती शिकवीत असता वडील मंडळींचे लक्ष असे. आपण ज्यास आज उमेदवारी म्हणतो, तीच ही; फक्त येथे ती कारकुनीची नसून गुरुपणाची होती.

त्या वर्गातून काय निघाले ते पाहावे. ओंकारनाथ ठाकूर १९१६ मध्ये लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांस विसावे वर्षही पुरते लागले नव्हते. नारायण मोरेश्वर खरे गांधींच्या आश्रमात गेले आणि तेथील प्रार्थना त्यांनी बसविली. १९३० च्या दांडीयात्रेतील निवडक मंडळींत ते होते. आश्रमात नाना प्रांतांचे, नाना गळ्यांचे, बहुतेक न गाणारे लोक. त्यांस रोज दोन वेळा एका सुरात बसविणे हे दरबारी मैफलीहून सोपे काम नव्हे. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यास विद्यालय काढिले आणि 'रागविज्ञाना'चे भाग लिहून शिक्षकांच्या हाती क्रमवार पाठ दिले. शंकरराव बोडस कानपुरास गेले. आमच्या विदर्भात नागपुरास शंकरराव सप्रे यांनी विद्यालय चालविले, आणि मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे बालपणी तेथे शिकले. एका दिव्याने दुसरा लागावा तसे हे झाले.

पुढे मात्र दैव फिरले. कर्जापायी मुंबईची इमारत हातची गेली, विष्णु दिगंबर नाशकास रामनामात रमले, आणि १९३१ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले, आणि त्याच्या परीक्षा आज खेड्यापाड्यांतील मुलेही देतात. मंडळाचे उपकार मोठे आहेत, हे आम्ही मुक्तकंठाने म्हणतो. पण एक गोष्ट नोंदणे प्राप्त आहे. परीक्षा राहिली, निवासी उपदेशक वर्ग त्या रूपात राहिला नाही. 'विशारद' झालेल्यास गाणे येते एवढे प्रमाणपत्र सांगते. चाळीस मुलांपुढे उभे राहून, कोणाचा स्वर ढळतो हे ओळखून, त्याचा मान न मोडता तो सुधारता येतो की नाही, हे कोणतेही प्रमाणपत्र सांगू शकत नाही.

दुसरे दृष्टांत भातखंड्यांचे. पंडित विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. ग्वाल्हेरास संगीत विद्यालय काढावयाचे ठरले, तेव्हा दरबाराने बाहेरचे शिक्षक न बोलाविता आपलेच गवई मुंबईस भातखंड्यांकडे धाडिले. ते कोणी नवशिके नव्हते. ग्वाल्हेरच्या गायकीत मुरलेले लोक होते. त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन स्वरलिपी आणि वर्गात शिकविण्याची पद्धत शिकून घेतली, आणि १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. त्यांतील राजाभैया पूछवाले पुढे त्याच विद्यालयाचे प्रमुख झाले. पिकल्या गवयाने वकिलापुढे पाटी घेऊन बसावे, याला मनाचा मोठेपणा लागतो. आमच्या मते त्या विद्यालयाच्या यशाचे निम्मे श्रेय या बसण्यास आहे.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण आमच्याकडील एकट्या शिक्षकास ती नेहमी नडते. दोन्ही विष्णूंची स्वरलिपी निराळी. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू म्हणजे तार सप्तक, पायाशी बिंदू म्हणजे मंद्र. पलुसकर पद्धतीत डोक्यावरचा बिंदू म्हणजे मंद्र, आणि तार दाखवावयास उभी रेघ. आता ज्याने एक पद्धत शिकली त्याच्या हाती दुसरीचे पुस्तक पडले, की तेच चिन्ह त्यास अगदी उलट दिशेस नेते. शेजारी कोणी जाणता असेल तर हा उलगडा एका मिनिटाचा; नसेल तर महिनाभर चाल चुकीची बसते, आणि मुलांच्या कानात कायमची राहते. पुस्तकाने गुरूची जागा भरत नाही ती अशा ठिकाणी.

विदर्भाने या बाबतीत स्वतःचाही एक मार्ग काढला आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला, खंजिरीवर भजने गाऊन गावेच्या गावे जागविली, आणि सामुदायिक प्रार्थनेची शिस्त घालून दिली. 'ग्रामगीते'त त्यांनी या प्रार्थनेवर स्वतंत्र अध्याय लिहिला, इतके त्यांस तिचे महत्त्व वाटे. आमच्या भागातील भजनी मंडळात नवा माणूस आला की तो आधी झील धरतो, टाळ वाजवितो. एकदोन वर्षांनी त्यास एखादे पद सांगावयास देतात. तेथे तो चुकला तर शेजारचा वृद्ध टाळाचा ठोका जरा जोरात देतो, एवढेच. तोंडाने कोणी बोलत नाही. शार्ङ्गदेवाने सांगितलेले तुटलेले सांभाळून नेणे ते हेच. वारकऱ्यांत विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीस शिक्षणसंस्था काढून कीर्तनकारांसाठी हीच उमेदवारी नियमबद्ध केली. शाळेतील शिक्षकाच्या शेजारी मात्र ठोका देणारा कोणीच बसत नाही. तो एकटा मुलांकडे तोंड करून उभा.

परदेशांतही ही ओरड आहे. हंगेरीचे झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) हे मोठे संगीतरचनाकार. तरी त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध शाळांतील गाण्यास वाहिला. राजधानीच्या नाट्यगृहाचा संचालक कोण, यापेक्षा किश्वार्दा नामक आडगावचा गायनमास्तर कोण, याचे महत्त्व अधिक, असे ते म्हणत. कारण वाईट संचालक एकदाच पडतो, वाईट मास्तर तीस वर्षे तीस वर्गांतील गाण्याची आवड मारीत राहतो. त्यांच्या केचकेमेत या जन्मगावी १९५० मध्ये रोज गाणे शिकविणारी शाळा निघाली आणि १९७५ मध्ये संगीतशिक्षकांच्या शिक्षणासाठी खास संस्था झाली. किश्वार्दाच्या जागी मारेगाव घातले तरी वाक्य जसेच्या तसे खरे राहते. आणखी मौज अशी, की त्यांनी हाताच्या खुणांनी स्वर दाखविण्याची जी रीत इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांजकडून घेतली, तिच्याशी नाते सांगणारी गोष्ट आपल्या सामगायकांत फार प्राचीन आहे. 'नारदीय शिक्षे'त बोटांच्या पेरांवर स्वर दाखविण्याचा विधी असून त्यास गात्रवीणा असे सुरेख नाव आहे. पण आमच्या एकाही शिक्षकाच्या प्रशिक्षणात आम्ही ती पाहिली नाही.

आता एक घडलेली हकीकत. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तालुक्यातील एका लहान शाळेत परजिल्ह्यातून एक तरुण बाई नेमणुकीवर आल्या. संगीताच्या काही परीक्षा झालेल्या, म्हणून प्रार्थना, स्नेहसंमेलन, गटगायनाच्या स्पर्धा हे सारे त्यांच्याकडे आले. बाई कष्टाळू. रोज मुलांच्या वरचढ आवाजात स्वतः गात आणि पेटीही वाजवीत. दिवाळीपर्यंत त्यांचा गळा बसला. तो महिनाभर सुटेना. डॉक्टरांनी बोलणेच कमी करावयास सांगितले. बाईंनी गाण्याचे काम सोडण्याचा अर्ज लिहून ठेविला होता, इतकी पाळी आली.

वणीकडचे एक वृद्ध गायनशिक्षक, सत्तरी उलटलेले, त्यांच्या कानी ही गोष्ट आमच्याकडून गेली. ते आपण होऊन एका शनिवारी सकाळच्या शाळेस आले आणि मागच्या बाकावर बसले. काही बोलले नाहीत. तास संपल्यावर एकच वाक्य म्हणाले, "ताई, मुले गातात तेव्हा तुम्ही गाऊ नका, ऐका." दुसऱ्या खेपेस म्हणाले, "पेटीवरचा हात काढा. मुले पेटीला टेकून उभी आहेत, त्यांस पाय फुटू द्या." तिसऱ्या खेपेस षड्ज दोन स्वरांनी उतरविला. दर खेपेस एकच गोष्ट. आम्ही त्यांस विचारिले, सारे एकदम का सांगत नाही? ते हसले आणि पाणिनीय शिक्षेतील वाघिणीचा दृष्टांत त्यांनी सांगितला. वाघीण पिलास दातांत धरून नेते. इतके घट्ट की ते पडू नये, इतके हलके की दात रुतू नये. शिक्षेत तो वर्णोच्चाराविषयी आहे. मास्तरांनी तो मास्तरांवर लाविला.

त्या वर्गात पोडावरचा एक कोलाम मुलगा होता. तो बेसुरा म्हणून त्यास स्पर्धेच्या वेळी नुसते ओठ हलवावयास सांगितले जाई. ही सूचना बाईंची नव्हे. त्यांच्या आधीपासून चालत आलेली. वृद्ध मास्तरांनी त्यास जवळ बसवून, 'तुमच्या पोडावर ढेमसा नाचताना काय गातात ते म्हण,' असे सांगितले. मुलगा बराच वेळ खाली पाहत राहिला. मग कोलामी बोलीत चार ओळी म्हटल्या. त्या चारही ओळी सुरात होत्या, फक्त त्याचा षड्ज वर्गाच्या षड्जाहून पुष्कळ खाली होता. तो बेसुरा नव्हता. त्याच्या सुरात कोणी त्यास गाऊच दिले नव्हते. बाईंनी त्या ओळी त्याच्याकडून शिकून घेतल्या, वहीत उतरविल्या आणि मार्गशीर्षात साऱ्या वर्गास शिकविल्या. स्पर्धेत त्या शाळेस काही बक्षीस मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे. परीक्षकांस कोलामी कळत नव्हती.

अर्ज मात्र बाईंनी फाडला. पुढे शेजारच्या दोन शाळांतील शिक्षकही महिन्यातून एका रविवारी त्यांच्याकडे जमू लागले. तेथे व्याख्यान नसते. एकाने गाणे शिकवावयाचे, बाकीच्यांनी मुले व्हावयाचे, आणि मग काय अडले ते बोलावयाचे. एक गणिताचे शिक्षक आहेत. ते स्वतः गात नाहीत, पण लय चुकली की अचूक सांगतात. त्यांस आता सारे टाळकरी म्हणतात.

आपल्या एकत्र कुटुंबांतून या कामास उपयोगी पडेल असे माणूस बहुधा असतेच. लग्नापूर्वी विशारद झालेल्या एखाद्या काकू, ज्यांचा तंबोरा गवसणीत घालून कपाटावर ठेविला आहे. निवृत्त झालेले एखादे मामा, ज्यांनी तीस वर्षे वर्ग सांभाळला. त्यांनी जवळच्या शाळेत महिन्यातून एकदा मागच्या बाकावर जाऊन बसावे, इतकेच आमचे मागणे आहे. काकूंस वेळ कोठला, असे कोणी म्हणेल. त्या दिवशी स्वयंपाक सुनेने किंवा, अधिक बरे, मुलाने पाहावा. आणि गेल्यावर पहिल्या दिवशी काही सुधारू नये, नुसते ऐकावे. बाईमास्तरांचा विश्वास बसल्यावाचून सांगितलेली उत्तम सूचनाही टोमणाच वाटते.

खर्चाचा प्रश्न उरतो. वणीच्या त्या मास्तरांस येण्याजाण्याचे एस.टी.चे भाडे द्यावे, असे शाळेत दोनदा ठरले आणि दोन्ही वेळा कोणत्या सदराखाली लिहावे यावर अडले. सध्या रविवारी बाई डबा करून आणतात, मास्तर तो आवडीने खातात, आणि झुणक्यात तिखट जास्त पडले की तेवढे मात्र पहिल्याच खेपेस सांगतात.